वखार वाढविली

झूटरमेरच्या आमच्या घरात त्या काळात तीन माणसं आणि चार भाषा कोंडल्या होत्या, आणि भाषांपैकी एकही गप्प बसत नव्हती. सगळ्यात वर, छताच्या उतरणीखालच्या खोलीत बाबा इंग्रजीत मीटिंगा करायचे. "कॅन यू हिअर मी?" हे वाक्य त्यांच्या तोंडून इतक्यांदा यायचं की मी आणि आई एकमेकींना भाजी वाढतानाही तेच म्हणायला लागलो होतो. मधल्या मजल्यावर माझ्या खोलीत शाळा भरायची, डचमध्ये, आणि मी कॅमेरा बंद ठेवून पलंगावर आडवी पडलेली असायची. खाली स्वयंपाकघरात मराठी होती, आणि त्याच टेबलावर, मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या लॅपटॉपवर, अडीचशे वर्षांपूर्वीची मराठी होती. मी तिला चौथी भाषा म्हणते, कारण मला तर तिसरीच धड येत नव्हती. आईने मराठीत विचारायचं आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचं, अशी आमची वाटणी मी चार वर्षांची असल्यापासून ठरून गेली होती. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. कुकरच्या शिट्टीला बाबा वरून ओरडायचे, "अगं, मी अनम्यूट आहे!" आणि आई खालून म्हणायची, "कुकरपण!" तो जिना इतका उभा होता की त्यावरून कोण उतरतंय हे नुसत्या आवाजावरून कळायचं. आज माझे गुडघे असे आहेत की नायमेखनच्या या घरात मी वरचा मजला वर्षातून दोनदा पाहते, पण तो जिना मला अजून ऐकू येतो.

आई या देशात बाबांच्या परवान्याला जोडलेली पुरवणी म्हणून आली. हे तिचेच शब्द. पुण्यात ती इतिहास शिकवायची, इथे आल्यावर दहा वर्षं तिने डच शिकण्यात, मला वाढवण्यात आणि लोकांच्या मुंजी-बारशांना मोदक पुरवण्यात घालवली. मग द हेगच्या एका दप्तरखान्यातून तिला विचारणा झाली. एका व्यापारी घराण्याचा पत्रव्यवहार तिथे खोक्यांमध्ये पडून होता. बाप इकडे, थोरला मुलगा सुरतेच्या पेढीवर, आणि कोकणातल्या एका बंदरात त्यांचा दलाल, बाबशेट नावाचा. मिरी, सुपारी, काथ्या, खोबरं, चंदन असा सगळा माल बाबशेट गोळा करून गलबतावर चढवायचा. इथल्या लोकांनी पुढे क्रांती करून आपल्या राजपुत्राला समुद्रापार पळवून लावलं आणि त्या गडबडीत या घराण्याचं दिवाळं वाजलं. त्याआधीच्या दहाएक वर्षांची ही पत्रं. डच पत्रं शेकड्यांनी होती, आणि त्यांच्यात बाबशेटची सोळा पत्रं, मोडी लिपीतली, जी तिथे कुणालाच वाचता येत नव्हती. तिथल्या प्रमुख बाई होत्या योके. आई त्यांना समोर योके म्हणायची आणि घरात योकेबाई. आम्ही त्या घराण्यालाही घरात नाव ठेवलं होतं, पेढीवाले. "आज पेढीवाले काय म्हणतात?" असं बाबा जेवताना विचारायचे, जणू ते लोक कोपऱ्यावरच राहत होते.

मोडी आईला आजोबांनी शिकवली होती. आजोबांचं, म्हणजे आईच्या वडिलांचं, वाईला वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. आई आणि नंदूमामा त्यांना अण्णा म्हणायचे. दुकानात गिऱ्हाईक नसलं की अण्णा जुने कागद घेऊन बसायचे आणि आईला समोर बसवून अक्षर लावायला लावायचे. अक्षर 'लावणं' हा त्यांचा शब्द. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग हात न उचलता अक्षरं तिच्या खाली लटकवत जातात, शब्द कुठे संपला ते सांगत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. त्यामुळे वाचणाऱ्याला अंदाजाने तोडत जावं लागतं. आईला अडलं की ती त्या शब्दाचा फोटो काढून वाईला पाठवायची आणि पाच मिनिटांत अण्णांचा फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "काथ्या आहे गं तो. कथा काय वाचतेस? बंदरावर बसून कथा सांगतोय का तो?" आणि आई लाल होऊन हसायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा बाप आणि पंचेचाळीस वर्षांची मुलगी एकमेकांची चौकशी कधी करत नसत, फक्त शब्द लावत असत. मला वाटायचं, यांच्यात काही प्रेमबिम नाहीच.

बाबशेटच्या पत्रांमधला एक शब्द आमच्या घरात कायमचा राहायला आला. प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला तो लिहायचा, "येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत असिले पाहिजे. विशेष." आणि मग खरं पत्र सुरू व्हायचं. आई म्हणायची, "विशेषच्या आधीचं सगळं सोडून द्यायचं. गलबत बुडालेलं असलं तरी आधी क्षेम असतंच." त्यावरून घरात खेळ झाला. भारतातून कुणाचा फोन आला की तिकडची माणसं आधी सगळं ठीक, सगळं उत्तम असं पाच मिनिटं म्हणणार, आणि आई कान टवकारून वाट बघणार. बाबांचं फोनवर बोलणं संपलं की ती विचारायची, "हं, आणि विशेष?" मग बाबा सांगायचे की अमक्याला ताप आहे, तमक्याला खाट मिळत नाहीये.

कारण तेव्हा तिकडे दुसरी लाट आली होती. इकडे आमचं चाललं होतं ते त्यामानाने कौतुकाचंच होतं, मास्क, रिकामी ट्राम, सुपरमार्केटच्या दारात ढकलगाडी पुसत उभा राहिलेला पोरगा. पण आईचा फोन वाजला की घरातले तिन्ही मजले एकदम शांत व्हायचे. बाबा मीटिंगमध्ये बोलता बोलता थांबायचे. मी पलंगावर उठून बसायची. विमानं बंद होती, आणि जी चालू होती त्यांनी गेलेलं माणूस परत कधी येईल याची खात्री नव्हती. आईने नंदूमामाला बजावलं होतं, "अण्णांना दुकानात जाऊ देऊ नकोस." आणि अण्णांनी मामाला बजावलं होतं, "ताईला सांगू नकोस." सकाळी चार तास दुकान उघडायला परवानगी होती आणि ते चारही तास ते अर्धं शटर वर करून आत बसत. आजी गेली तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ज्याने दुकान उघडलं, तो माणूस साथीला काय भीक घालणार? त्या दुकानाला लागून शिंप्याचा एक गाळा बरीच वर्षं रिकामा पडला होता. तो घेऊन मधली भिंत पाडायची असं अण्णांच्या मनात कधीपासून होतं. दर सुट्टीत ते मला त्या भिंतीवर बोटाने दार काढून दाखवायचे, "जुईबाई, इथून इकडे यायचं बघा." ही भिंत लक्षात ठेवायला हवी, पुढे तिनेच घात केला.

माझ्याकडे त्या कामातला एक तुकडा आला होता. आई मोडी वाचून सरळ देवनागरीत वहीत उतरवायची, मग मोठ्याने वाचून मला अर्थ सांगायची, आणि मी ते इंग्रजीत टंकायची. आईचं इंग्रजी वाईट नव्हतं, पण योकेबाईंना पाठवायचं म्हटलं की तिचा धीर सुटायचा, आणि मला आपल्या इंग्रजीचा फार ताठा होता. चौदाव्या वर्षी माणसाला कसला ना कसला ताठा लागतोच. सुरुवातीला आई माझं प्रत्येक वाक्य तपासायची. नंतर तिचं लक्ष फोनकडे जास्त असायचं. कधी कधी ती अर्थ सांगायचीच नाही, नुसतं वाचायची, आणि मला वाटायचं की मला समजलं. अकराव्या पत्रात बाबशेटने लिहिलं होतं की भाऊ दुखण्याने पडला, गलबताची वाट पाहिली, सबब वखार वाढविली. मी टंकलं, 'देअरफोर आय हॅव एन्लार्ज्ड द वेअरहाउस.' सोपं वाक्य होतं. आईने मान हलवली, कारण त्याच वेळी तिने फोन उचलून पाहिला होता.

त्याच आठवड्यात अण्णांची उत्तरं यायची बंद झाली. आईने एका शब्दाचा फोटो पाठवला, दुसरा पाठवला, फोन केला, तो वाजून वाजून थांबला. दुसऱ्या दिवशीही तेच. आईने स्वयंपाकघरातली सगळी कपाटं रिकामी करून पुसायला काढली, आणि हे काय ते मला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी ती योकेबाईंशी पडद्यावर बोलत असताना तिचा फोन वाजला. मी तो उचलून जिन्यात नेला. नंदूमामा होता. त्याचा आवाज नेहमीपेक्षा सावकाश येत होता. मला वाटलं नेटवर्क.

"ताई आहे का गं?"

"शी इज इन अ मीटिंग, मामा."

"बरं. मग असं सांग तिला, अण्णांनी परवापासून दुकान वाढवलं. बाकी सगळं ठीक. मी आहे इथे. फोन नको करूस म्हणावं सारखा, मीच करीन."

मी ओके म्हणून फोन ठेवला. मीटिंग संपल्यावर आईने लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कोणाचा होता?"

"मामा. एव्हरीथिंग इज फाइन. ही विल कॉल."

"आणि विशेष?"

"आजोबा एक्स्पांडेड द शॉप."

आई माझ्याकडे बघतच राहिली. "काय केलं?"

"एक्स्पांडेड. मेड इट बिगर. परवापासून."

तिने खुर्चीवर बसकण मारली आणि हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अगं बाई, शिंप्याचा गाळा घेतला! या वयात! साथ चालू असताना भिंत पाडतोय हा माणूस! म्हणून फोन उचलत नाही, धुळीत उभा असेल!" तिने जिन्यात जाऊन वर ओरडून बाबांना सांगितलं आणि बाबांनी अनम्यूट असूनही ओरडून उत्तर दिलं. मला इतका आनंद झाला. मी बातमी आणली होती आणि ती बातमी चांगली होती.

पुढचे सहा दिवस आमचं घर जसं होतं तसं मला आयुष्यात परत कुठलंच घर मिळालं नाही. पाडवा आला. आईने सुपरमार्केटातला क्वार्क आणून रात्रभर फडक्यात टांगला आणि त्याचं श्रीखंड केलं, केशर जरा सढळच घातलं. मागच्या अंगणात पडदा लावायच्या दांडीची गुढी उभारली, आणि शेजारच्या डच बाईंनी कुंपणावरून विचारलं की वाढदिवस कोणाचा आहे. आई म्हणाली, "माझ्या वडिलांच्या दुकानाचा." श्रीखंडाचा फोटो अण्णांना गेला. त्यावर एकच करडी खूण आली आणि तशीच राहिली. आईने मामाला लिहिलं, "अण्णांना म्हणावं दगदग करू नका." मामाने उत्तर दिलं, "हो ताई, मी बघतोय." दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते आणि दोघांचीही वाक्यं एकमेकांत चपखल बसत होती. नंतर मामा मला म्हणाला की, ताई इतकी शांत कशी याचं मला नवल वाटत होतं, मग मी म्हटलं, लांब राहून माणूस घट्ट होत असेल.

सातव्या दिवशी दुपारी योकेबाई पडद्यावर आल्या त्या उड्या मारतच. मी टेबलापाशी पावावर श्रीखंड लावून खात उभी होते. त्यांना आमच्या अकराव्या पत्राची जुनी डच नक्कल सापडली होती. सुरतेच्या पेढीवर कुणी दुभाषा कारकून होता, त्याने बाबशेटच्या पत्राचा त्याच वेळी डचमध्ये तर्जुमा करून मालकांना पाठवला होता. "तुमचं आणि त्याचं अगदी जुळतं," योकेबाई म्हणाल्या, "त्यानेही वखार मोठी केली असंच लिहिलंय. फक्त एक कोडं आहे. त्यावर विसंबून यांनी दुप्पट माल भरून गलबत पाठवलं, आणि तांडेल तक्रार करतो की वखारीच्या दाराला खिळे मारलेले होते आणि आत चिटपाखरू नव्हतं. पुढे सात महिने हे बाबशेटला पत्रं घालतायत, उत्तर का देत नाहीस म्हणून." आईने भुवया आकसल्या. वही ओढली, अकरावं पत्र काढलं, बोट ठेवून वाचलं. मग तिने कपाळावर हात मारला. योकेबाईंना थोडं थांबा म्हणून ती माझ्याकडे वळली. ती रागावलेली नव्हती, तिला हसू फुटत होतं.

"जुई! काय लिहिलंस हे? अगं वाढविली म्हणजे बंद केली! आपण बंद केली असं म्हणत नाही, अशुभ वाटतं. बांगडी फुटली तर काय म्हणतो? वाढवली. नारळ फोडतो का आपण? वाढवतो. दिवा वाढवतो. त्या सुरतेच्या कारकुनाने माती खाल्ली आणि अडीचशे वर्षांनी तू तीच खाल्लीस!"

आणि ती पडद्याकडे वळून योकेबाईंना ते इंग्रजीत समजावू लागली, हातवारे करत, इतकी खुशीत, कारण तिने एक जुनी चूक पकडली होती. तिच्या कानावर मामाचा शब्द कधी पडलाच नव्हता. तिच्यापर्यंत माझं इंग्रजी पोचलं होतं. माझ्या तोंडातला घास तसाच राहिला. दुकान वाढवलं. परवापासून. म्हणजे आता नऊ दिवस झाले. बाकी सगळं ठीक.

मी काय केलं ते लिहायलाच हवं. मी सायकल काढली आणि बाहेर पडले. कालव्याच्या कडेने तळ्यापर्यंत गेले आणि तळ्याला एक चक्कर मारली, मग दुसरी. बदकं होती, धावणारी माणसं होती, एकमेकांना वळसा घालून जाणारी. मी स्वतःला सांगत होते की कदाचित मामाला मोठं केलं असंच म्हणायचं असेल. शब्दाचे दोन अर्थ असतात, त्यातला एक चांगला असतो, मग तोच का नसावा? मला आईची भीती वाटत नव्हती. तिचे ते सहा दिवस परत काढून घेण्याची भीती वाटत होती. मी भ्याले आणि दोन तास भ्यालेली राहिले. वाईला तेव्हा संध्याकाळ होत होती. त्या दोन तासांत काय काय झालं असतं याचा हिशोब मी अनेक वर्षं मांडला, आता सोडून दिला आहे.

परत आले तेव्हा आई वरणाला फोडणी देत होती आणि बाबा ताटं मांडत होते. हिंगाचा वास घरभर होता. मी दारातच, जॅकेट न काढता, मामाचं वाक्य म्हटलं. पहिल्यांदाच जसंच्या तसं, मराठीत. "अण्णांनी परवापासून दुकान वाढवलं. बाकी सगळं ठीक. असं म्हणाला मामा."

आईने गॅस बंद केला. मग हळूच म्हणाली, "असं म्हणाला?"

"हो."

तिने मला मारलं नाही, ओरडली नाही. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुला मराठी नाही शिकवली मी." बस एवढंच. आणि फोन घेऊन ती मागच्या अंगणात गेली, गुढी होती तिथे. काचेतून आम्हाला ती दिसत होती, आवाज येत नव्हता. ती उभीची खाली बसली तेव्हा बाबा धावले.

अण्णांना साताऱ्याच्या रुग्णालयात ठेवून पाच दिवस झाले होते. आधी चार दिवस ते घरीच तापात होते, शुद्धीवर होते, बोलत होते, आणि रोज विचारत होते की ताईचा फोन आला का. मामा त्यांना सांगायचा, ताईला सगळं कळवलंय, ती कामात आहे. हे मला मामाने पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं, पण आमच्या माणसांना विशेष फार काळ पोटात ठेवता येत नाही.

आत कुणाला सोडत नव्हते. मामाने खटपट करून एका सिस्टरला गाठलं. तिने कबूल केलं की सकाळी औषधं देताना ती दोन मिनिटं फोन त्यांच्या कानाशी धरेल. दोन मिनिटांच्या वर नाही. आमच्याकडे तेव्हा जेमतेम उजाडलं होतं. आई आंघोळ करून, साडी नेसून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. साडी ती दिवाळीलाच नेसायची. समोर तिने वही उघडून ठेवली होती. मी आणि बाबा जिन्याच्या खालच्या पायरीवर. फोन लागला, आणि आधी नुसता एक आवाज येत राहिला, हवा सुटल्यासारखा. सिस्टर म्हणाली, "बोला ताई, ऐकतायत ते. मास्क आहे, बोलता नाही येणार फार."

"अण्णा," आई म्हणाली.

खूप वेळाने, दोन श्वासांच्या मधून, आजोबांचा आवाज आला. "विशेष?"

मला वाटलं आता आई रडेल. सांगेल की मला कळलंच नव्हतं, या मुलीने चुकीचं सांगितलं. मी डोळे मिटून घेतले. आईने घसा साफ केला आणि तिचा रोजचा, अक्षर अडल्यावरचा, जरा वैतागलेला आवाज काढला.

"विशेष काही नाही अण्णा. एक शब्द लागत नाहीये. किती दिवस बघतेय. पत्राच्या अगदी शेवटी आहे, बहुत काय लिहिणे, त्याच्या पुढे. पहिलं अक्षर ल असावं. पुढचं डागात गेलंय."

हवेचा आवाज येत राहिला. सिस्टर म्हणाली, "ताई, जरा पटकन." आई वहीवर बोट ठेवून थांबली होती.

"लोभ," आजोबा म्हणाले. मग श्वास. "लोभ असो... दीजे." मग बराच वेळ काही नाही, आणि मग त्यांचा तो दुकानातला, गिऱ्हाइकावर डाफरायचा सूर, अगदी बारीक झालेला. "एवढंही... लागेना तुला?"

"नाही लागलं, अण्णा," आई म्हणाली. "आता लागलं."

फोन सिस्टरने काढून घेतला. तिसऱ्या दिवशी अण्णा गेले.

मी आईवर फार दिवस रागावलेली होते. स्वतःवर रागावण्याइतकं बळ त्या वयात नव्हतं म्हणूनही असेल. पण मला खरंच वाटायचं, दोन मिनिटं मिळाली होती आणि हिने ती योकेबाईंच्या कामात घालवली. एका शब्दासाठी. तिने त्यांना साधं बरं आहे का असंही विचारलं नाही. एकदा भांडणात मी हे तिला बोललेसुद्धा, डचमध्ये, मुद्दाम. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चहा टाकू का तुला?" बाबशेटची पत्रं पुढे छापली गेली. अकराव्या पत्राखाली आईने टीप दिली आहे, की वाढविणे या शब्दाचा अर्थ त्या काळच्या दुभाष्याला आणि प्रस्तुत अनुवादकाच्या साहाय्यकालाही लागला नव्हता. साहाय्यकाचं नाव तिने दिलं नाही.

मराठी मी नंतर शिकले, मोठेपणी, कॉलेज संपल्यावर, हट्टाने. आज तिच्यात लिहिते आहे हीच त्याची पावती. मोडी मात्र आई गेल्यानंतरच हातात घेतली. शिकवणारे गृहस्थ पुण्याहून पडद्यावर यायचे. दुसऱ्याच धड्यात त्यांनी पत्राचा मायना आणि पत्राचा शेवट घोटवून घेतला. म्हणाले, एवढं आधी पाठ करा, कारण हे प्रत्येक पत्रात असतं, हे न वाचता येणारा मोडीवाला भेटायचा नाही. आणि त्यांनी पडद्यावर रेघ ओढून खाली लिहिलं, बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे.

मी धडा अर्धा टाकून उठले आणि कपाटातून आईची वही काढली. तिची पद्धत होती, शब्द लागला नाही की त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने लहानसं प्रश्नचिन्ह करायचं, अण्णांना विचारून झालं की ते खोडायचं. खोडलेल्या प्रश्नचिन्हांनी ती वही भरलेली आहे, काथ्यावर आहे, सुपारीवर आहे, गलबतांच्या नावांवर आहे. मी एकेक पत्राचं शेवटचं पान उलटत गेले. सोळा पत्रं, आणि सोळाही ठिकाणी आईच्या स्वच्छ अक्षरात लोभ असो दीजे, आणि त्यावर एकदाही प्रश्नचिन्ह नाही.